अडतीच्या पट्टीसाठी रेडिस की मोंगोडीबी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही खानापूरचे, मेहुण्यांचं बेळगावच्या मार्केट यार्डात बटाटा-रताळ्याचं अडत दुकान आहे आणि त्यांच्यासाठी पट्टीचं, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची जी चिठ्ठी शेतकऱ्याला मिळते तिचं, सॉफ्टवेअर बांधताय. काट्यावर एक मोबाइल, गादीवर दोन कॉम्प्युटर, बाजाराच्या दिवशी ३००-४०० पट्ट्या. डेटा साठवायला एक मित्र म्हणतो रेडिस हा डेटाबेस घे, वाऱ्यासारखा पळतो. दुसरा म्हणतो मोंगोडीबी घे, त्यात कसलाही डेटा बसतो. तर यातलं कुठलं घ्यावं?

मी गेली चौदा वर्षं बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांसाठी आणि यार्डातल्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. दोन्ही मित्रांचं म्हणणं खरं आहे, पण त्यातून तुमचा निर्णय होणार नाही. सहा तासांच्या बाजारात ४०० पट्ट्या म्हणजे मिनिटाला एकाहून किंचित जास्त. एवढ्या कामानं कुठलाही डेटाबेस दमत नाही, म्हणून वेगाचा मुद्दा आधी बाजूला ठेवा. ‘कसलाही डेटा बसतो’ हेही बाजूला ठेवा, कारण बसवणं कधीच अवघड नसतं. अवघड असतं ते नंतर काढणं. म्हणून मी प्रश्न असा मांडते: पट्टी परत हवी असते तेव्हा विचारणाऱ्याच्या हातात काय असतं? पट्टीचा नंबर, की नुसतं ‘त्या नंदगडच्या पाटलांची, मागच्या महिन्यातली’ एवढंच?

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेला असाल तर चप्पल स्टँड आठवा. चपला देता, बिल्ला मिळतो. परतताना बिल्ला दाखवला की तो माणूस मान वर न करता नेमक्या कप्प्यातून तुमच्या चपला काढून देतो. जत्रेची गर्दी असो नाहीतर एकटे तुम्ही, त्याला तेवढाच वेळ लागतो. पण बिल्ला हरवला आणि म्हणालात, ‘कोल्हापुरी होत्या, डाव्या पायाचा अंगठा तुटलेला’, तर त्याला सगळे कप्पे पालथे घालावे लागतात. रेडिससारखं की-व्हॅल्यू, म्हणजे किल्ली आणि वस्तू अशा जोड्या ठेवणारं, साधन म्हणजे हा स्टँड. किल्ली दिली की वस्तू मिळते. वस्तूच्या आत काय आहे हे त्याला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. त्याचा वेग या अडाणीपणातूनच येतो.

मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसला आतलं दिसतं. पट्टी जेसनच्या, म्हणजे रकान्याचं नाव आणि त्यातली माहिती अशा जोड्यांच्या, रूपात दिली की गाव, तारीख, माल, वजन, दर हे सगळं तो वेगवेगळं ओळखतो. त्यातल्या कुठल्याही रकान्यावर इंडेक्स, म्हणजे शोधसूची, बांधता येतो आणि नंबर माहीत नसला तरी शोधता येतं. त्याची किंमत म्हणून लिहिताना थोडं जास्त काम आणि इंडेक्सला थोडी जास्त मेमरी लागते. तुमच्या आकाराच्या दुकानात ही किंमत जाणवणारसुद्धा नाही.

ही साधनं मुळात कशासाठी जन्मली ते पाहिलं तर फरक आणखी स्पष्ट होतो. मेमकॅश्ड हे रेडिसच्याच जातीचं साधन २००३ मध्ये लाइव्हजर्नल या साइटसाठी बनलं. डेटाबेसनं एकदा काढलेलं उत्तर थोडा वेळ मेमरीत धरून ठेवायचं, म्हणजे तोच प्रश्न परत विचारावा लागत नाही. रेडिस २००९ मध्ये साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी केला, तो त्यांच्या साइटवरच्या भेटींचा हिशोब जागच्या जागी दाखवायला नेहमीचा डेटाबेस पुरत नव्हता म्हणून. दोन्हींचा डेटा मेमरीत राहतो आणि दोन्ही खऱ्या दप्तराच्या शेजारी उभे राहण्यासाठी आहेत. रेडिसला डिस्कवर लिहिता येतं, पण कसं आणि कधी लिहायचं हे तुम्ही ठरवावं लागतं. हे न ठरवल्यानं काय होतं ते मी माझ्याच कामात पाहिलंय, म्हणून सविस्तर सांगते.

सुरुवातीच्या काळात एका अडत दुकानाला मी सगळंच रेडिसमध्ये करून दिलं होतं. प्रत्येक पट्टीची किल्ली ‘पट्टी’ आणि पुढे नंबर, आत जेसनचा गठ्ठा. पट्टीचा पुढचा नंबर काढायला रेडिसचा ‘इनकर’ हा हुकूम. दोन कॉम्प्युटरनी एकाच क्षणी मागितला तरी दोघांना वेगळा नंबर मिळतो, तो दोघांना सारखा देणं त्याला शक्यच नाही. हे मला फार आवडलं होतं आणि त्यापुरतं ते बरोबरही होतं.

एका बाजाराला दुपारी वीज गेली. यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली होती. वीज आली, मशिन चालू झालं, पट्ट्या निघायला लागल्या. तासाभरानं एक शेतकरी पट्टी घेऊन आला, नंबर ४१२. दिवाणजींनी नंबर टाकला तर पडद्यावर दुसऱ्याच माणसाचं नाव. दिवाणजी मला फोनवर म्हणाले, ‘बाई, चारशे बारा नंबर दोघांच्या हातात हाय की ओ!’ झालं असं होतं की रेडिस मूळ रचनेत सगळ्या डेटाचा फोटो अधूनमधून डिस्कवर काढतो आणि काम कमी असेल तर दोन फोटोंमध्ये काही मिनिटं जातात. वीज गेली तेव्हा शेवटच्या फोटोनंतरच्या पट्ट्या तर गेल्याच, नंबरही मागे सरकला. मग चालू झाल्यावर त्यानं तेच नंबर पुन्हा वाटले. त्या दिवशीच्या पट्ट्या आम्ही दुकानातल्या कार्बन प्रतींवरून हातानं परत भरल्या. कार्बन प्रती होत्या म्हणून शेतकऱ्यांचे पैसे वाचले.

यावर उपाय आहे. ‘एओएफ’ नावाची नोंदवही चालू करता येते, ती मूळ रचनेत बंद असते. त्यात प्रत्येक बदल लिहिला जातो. दर सेकंदाला डिस्कवर टाक अशी आज्ञा दिली तर फार तर सेकंदाभराचं काम जातं, प्रत्येक बदलाला टाक म्हटलं तर तेही जात नाही, पण वेग उतरतो. सांगायचा मुद्दा असा की ज्या वेगासाठी रेडिस घेतला तोच वेग पट्टी सांभाळण्यासाठी सोडून द्यायचा असेल, तर तो मुळात का घेतला याचा विचार करायला हवा.

त्याच दुकानात दुसरी गोष्ट हळूहळू बिघडली आणि ती जास्त शिकवून गेली. मालकांनी विचारलं, नंदगडहून महिन्यात किती माल आला? किल्लीत गाव नव्हतं. मग मी प्रत्येक गावासाठी एक संच बनवला आणि त्यात त्या गावाच्या पट्ट्यांचे नंबर टाकत गेले. नंतर मालानुसार संच, तारखेनुसार संच. थोडक्यात, डॉक्युमेंट डेटाबेस जो इंडेक्स आपोआप सांभाळतो तो मी हातानं सांभाळत होते. एकदा एका पट्टीवर गाव चुकून पडलं होतं ते दिवाणजींनी दुरुस्त केलं. माझ्या प्रोग्रॅमनं नव्या गावाच्या संचात नंबर घातला, पण जुन्यातून काढला नाही. तेव्हापासून ती पट्टी दोन्ही गावांच्या बेरजेत यायला लागली. एक पट्टी कळली. अशा किती असतील याचा शोध घेताना सगळ्या किल्ल्या काढून, एकेक गठ्ठा उघडून तपासावा लागला. जाता जाता सांगते, चालू बाजारात सगळ्या किल्ल्या ‘कीज’ या हुकुमानं मागू नका. रेडिस हुकूम एकामागून एक पाळतो, एक लांबला की बाकीचे ताटकळतात. थोड्याथोड्या काढायला ‘स्कॅन’ आहे.

किल्लीची आणखी एक अडचण आपल्या भागात हमखास येते. किल्ली बाइट ना बाइट जुळावी लागते. कुणी येळ्ळूर लिहितं, कुणी यळ्ळूर, त्या दोन वेगळ्या किल्ल्या झाल्या. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. पण ‘गुऱ्हाळ’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ’ तीन तऱ्हांनी टाइप होतो: एकच अक्षर म्हणून, ‘र’ आणि खाली नुक्ता म्हणून, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक म्हणून. पडद्यावर तिन्ही सारखे किंवा जवळजवळ सारखेच दिसतात, पण डेटाबेसला ते तीन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं एनएफसी रूपांतर, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं असेल तर ते एका ठरावीक रूपात आणणं, पहिल्या दोघांना एकत्र आणतं, तिसऱ्याला आणत नाही. तो तुम्हालाच बदलून घ्यावा लागतो. मोबाइलचा कीबोर्ड वेगळा, कॉम्प्युटरचा वेगळा, म्हणजे एकाच दुकानात दोन तऱ्हा असणारच. नावावरून किंवा गावावरून किल्ली कधीच बनवू नका, आकडी नंबरच ठेवा. नाव आत ठेवा, आणि ते मराठी, कन्नड अशा दोन रकान्यांत ठेवा. कारण निम्मे शेतकरी एका लिपीत सही करतात आणि निम्मे दुसऱ्या. शोधासाठी तिसरा रकाना, सगळं एका वळणाला आणलेलं. डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये हे सहज बसतं.

मग मोंगोडीबी घेतलं की सगळं सुटलं का? तसंही नाही. पट्टी हा कागद डॉक्युमेंटला अगदी साजेसा आहे, हे खरं. एका पट्टीत पाच वजनं असतात, दुसरीत बावीस. बटाट्याला प्रतवारी लागते, दुसऱ्या मालाला आणखी काही. हमाली, तोलाई, उचल वजा, खाली निव्वळ रक्कम. हे सगळं एका डॉक्युमेंटमध्ये एकत्र राहतं आणि एका वाचनात निघतं. शेतकऱ्याचं नाव-गावसुद्धा पट्टीत उतरवून ठेवा, त्याला उगाच दुबार माहिती समजू नका. पट्टी हा त्या दिवसाचा पुरावा आहे. उद्या त्यानं फोन बदलला तर खात्यात बदलू दे, जुन्या पट्टीवर जे छापलं तेच राहिलं पाहिजे.

पण उलटी चूक करू नका, म्हणजे शेतकऱ्याच्या डॉक्युमेंटमध्येच त्याच्या सगळ्या पट्ट्या घालत जाऊ नका. मोंगोडीबीत एक डॉक्युमेंट १६ एमबीच्या वर जाऊ शकत नाही. त्या मर्यादेला पोहोचण्याच्या कितीतरी आधी ते जड होतं, कारण छोटासा बदलसुद्धा अख्खं डॉक्युमेंट नव्यानं लिहायला लावतो. जिथे यादीला शेवट आहे, जसं एका पट्टीतली वजनं, ती आत ठेवा. जी वर्षानुवर्षं वाढत जाणार ती वेगळी ठेवा.

आणि ‘कसलाही डेटा बसतो’ हा जो गुण तुमच्या मित्रानं सांगितला, त्याच्यामुळे माझ्याकडे एकदा दिवसाची वजनाची बेरीज कागदापेक्षा कमी आली होती. चूक कुठेच दिसेना. शेवटी एकेक पट्टी वाचत बसले तेव्हा सापडलं: मोबाइलवरून आलेल्या काही नोंदींत वजन ५२.५ हा आकडा म्हणून गेलेला नव्हता, अवतरणातला मजकूर म्हणून गेला होता. मोंगोडीबीची बेरीज मजकूर दिसला की तो गुपचूप सोडून देते, तक्रार करत नाही. ‘५० किलोच्या वरची पोती दाखव’ म्हटलं तर तीही वगळते. डेटा बसला होता, पण हिशोबात नव्हता. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी तपासणीचे नियम लावते. ही सोय ३.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून त्यातच आहे: वजन आकडाच हवा, पट्टी नंबर हवाच, तारीख तारखेच्या रूपात हवी. पैसे पैशांत, पूर्णांकात ठेवा. दशांशात ठेवलेत की कधीतरी एक पैसा हलतो आणि त्या एका पैशासाठी दिवाणजी रात्री नऊपर्यंत रोजमेळ जुळवत बसतात.

आता पैशाचाच मुद्दा, कारण माझं उत्तर इथे वळतं. पट्टी झाली की शेतकऱ्याच्या खात्यातली उचल कमी होते, व्यापाऱ्याच्या नावावर येणं वाढतं, हमालांच्या खात्यात हमाली पडते. पट्टीसकट या चार नोंदी एकत्र झाल्या पाहिजेत किंवा एकही होऊ नये. मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटमधला बदल नेहमीच अखंड असतो. अनेक डॉक्युमेंटचा असा अखंड बदल, म्हणजे व्यवहार (ट्रान्झॅक्शन), २०१८ च्या ४.० आवृत्तीपासून करता येतो, पण त्यासाठी रेप्लिका सेट, म्हणजे एकाच डेटाच्या प्रती सांभाळणारा गट, लागतो. एकाच मशिनचा एक सदस्यी सेटही चालतो, फक्त ते आठवणीनं करावं लागतं. म्हणजे जमतं. पण जिथे खातेवही हाच धंद्याचा कणा आहे तिथे मी स्वतः पोस्टग्रेसक्यूएल हा पक्क्या रकान्यांच्या तक्त्यांचा डेटाबेस घेते. २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून त्यात जेसनबी, म्हणजे जेसन ठेवायचा रकाना, आहे. नंबर, तारीख, शेतकरी, रक्कम हे नेहमीचे पक्के रकाने, आणि प्रत्येक मालागणिक बदलणारी माहिती एका जेसनबी रकान्यात, हवं तर त्यावरही इंडेक्स. व्यवहार पहिल्यापासून भक्कम, आणि ‘नंदगडची महिन्याची बेरीज’ एका ओळीत निघते. तुम्ही दोघांतलं एक विचारलंत आणि मी तिसरं सांगतेय, हे मला कळतंय. पण तुमच्या मेहुण्यांच्या दुकानात शेतकऱ्यांचे पैसे फिरतात, म्हणून सांगणं भाग आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मोंगोडीबी तुम्हाला हातच्या मळासारखं येत असेल आणि काम अर्धं झालं असेल तर ते मोडू नका. नियम लावा, व्यवहार वापरा, ते चांगलं चालेल. काट्यावरच्या मोबाइलला नेट मिळत नसेल, किंवा पुढे खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत जाऊन माल मोजायचा असेल, तर काउचडीबी हा डॉक्युमेंट डेटाबेस आणि त्याचं मोबाइलमधलं भावंड पाउचडीबी बघा. नोंद आधी मोबाइलवरच पक्की होते, नेट आलं की दोन्हीकडचं जुळतं आणि एकच नोंद दोघांनी बदलली असेल तर दोन्ही रूपं जपून ठेवली जातात. कुठलं खरं ते तुम्ही ठरवता. क्लाउडवर जाणार असाल आणि कुणी ॲमेझॉनचं डायनॅमोडीबी सुचवलं, तर लक्षात ठेवा की ते किल्ली आणि डॉक्युमेंट यांच्या मधलं आहे. एक नोंद ४०० केबीपर्यंतच, आणि कुठले प्रश्न विचारणार हे आधी ठरवूनच किल्ल्या आखाव्या लागतात. रेडिसलाही २०२५ च्या ८ व्या आवृत्तीत जेसन आणि आतला शोध मुळातच मिळालाय, त्यामुळे सीमारेषा आता पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाही. तरी डेटा मेमरीत राहतो हे तसंच आहे.

रेडिसला मी नावं ठेवतेय असं वाटू देऊ नका, माझ्या जवळपास प्रत्येक कामात तो आहे. दारातल्या पडद्यावरचे आजचे भाव, कोण लॉगिन आहे, पाच मिनिटांनी आपोआप मरणारा ओटीपी, रांगेतल्या टेम्पोंचे टोकन. एक कसोटी लावते: हे सगळं या क्षणी पुसलं गेलं तर कुणाचे पैसे बुडतील का? भाव परत काढता येतात, लॉगिन परत करता येतं. तिथे रेडिस शोभतो. पट्टीचा नंबर मात्र आता मी पट्टी जिथे राहते त्याच डेटाबेसकडून घेते.

तेव्हा तुमच्या जागी मी असते तर पट्टी आणि खाती पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ठेवली असती, मालाचे बदलते तपशील जेसनबीत, आणि पहिले सहा महिने रेडिस घेतलाच नसता. भावाचा पडदा लागला की मग शेजारी उभा केला असता. तुमच्या दोघांपैकीच एक निवडायचं असेल तर पट्टीसाठी मोंगोडीबी.

पण कोड लिहिण्याआधी एक बाजाराचा दिवस गादीशेजारी वही घेऊन बसा. दिवसभरात जो जो काही विचारायला येईल त्याचा प्रश्न लिहा आणि पुढे लिहा की त्याच्या हातात काय होतं: पट्टी नंबर, नाव, गाव, तारीख, गाडीचा नंबर. मी पहिल्यांदा बसले तेव्हा ४३ प्रश्न निघाले होते, आणि पट्टी नंबर घेऊन आलेले त्यात फक्त ९ जण होते. बाकीच्यांना पट्टी शोधूनच द्यावी लागली. तुमची वही भरली की तिच्यातले प्रश्न आणि मेहुण्यांच्या खातेवहीतलं उचलीचं एक पान, नावं झाकून, मला दाखवा. उचल कशी फिटते ते पाहिल्याशिवाय खात्यांची रचना सांगता येणार नाही.